मुख्याध्यापक-मुख्याध्यापिकांची नेतृत्वशैली मोजणं

शाळेचे हेडमास्तर किंवा मुख्याध्यापिका बाई निर्णय कसे घेतात, स्टाफला कितपत विचारतात, कुणाची चूक झाली की काय करतात, हे सगळं ठरलेल्या प्रश्नावलीतून आकड्यात उतरवायचं आणि मग पुरुष-स्त्रियांत फरक दिसतो का ते बघायचं, याला नेतृत्वशैलीचं मापन म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांत "बाई लई कडक", "सर सगळं चालवून घेतात" असं स्टाफरूममधे सर्रास बोलतात, पण ते मत झालं, माप नव्हे.

जास्त वापरात असलेली प्रश्नावली म्हणजे एमएलक्यू (मल्टिफॅक्टर लीडरशिप क्वेश्चनेअर), बर्नार्ड बास आणि ब्रूस अवोलिओ यांची. तिच्या ५एक्स फॉर्ममधे ४५ विधानं, प्रत्येकाला ० ते ४ गुण. त्यातून तीन शैली निघतात: माणसाला उभारी देऊन बदल घडवणारी, काम केलं तर शाबासकी नि चुकलं तर जाब अशी देवघेवीची, आणि जबाबदारी टाळणारी.

हाच फॉर्म प्रमुखानं स्वतःबद्दल भरायचा असतो आणि हाताखालच्यांनी त्याच्याबद्दल, आणि खरी मेख इथंच आहे कारण स्वतःला गुण देताना हात सैल सुटतो, म्हणून नुसत्या हेडमास्तरांच्या फॉर्मवर विसंबूच नये. शिक्षकांकडून नाव न घालता भरून घ्यावा, आणि भरलेले फॉर्म ऑफिसात हेडमास्तरांच्या टेबलावर तर अजिबात जमा करू नयेत. पण कणकुंबी-जांबोटीकडच्या एखाद्या दोन शिक्षकी शाळेत काय करणार? तिथं नाव नसलं तरी कुणी भरला ते उघडच आहे, नि त्या शिक्षकाला उद्या त्याच व्हरांड्यात उभं राहायचंय. अशा ठिकाणी क्लस्टरमधल्या, म्हणजे आसपासच्या गटातल्या, बऱ्याच शाळांचे फॉर्म एकत्र करून मगच आकडे काढणं बरं, एकेका शाळेचा निकाल बाहेर काढूच नये. स्टाफमधे कन्नड शिक्षक असले तर फॉर्म दोन्ही भाषांत हवा.

फरकाचं बोलायचं तर मानसशास्त्रज्ञ ॲलिस ईगली आणि सहकाऱ्यांनी १९९२ मधे सरकारी शाळांच्या प्रमुखांवरचे ५० अभ्यास एकत्र तपासले. स्त्रिया जास्त लोकशाही पद्धतीनं, सगळ्यांना विचारून शाळा चालवतात, हा त्यात सगळ्यात ठळक फरक निघाला. कामावर लक्ष देण्यातही त्यांचे गुण थोडे जास्तच आले, आणि माणसं सांभाळण्यात मात्र दोघं सारखेच, म्हणजे बाई म्हटलं की मायाळू नि सर म्हटलं की कामाचे हा समज तिथं टिकला नाही. २००३ मधे ईगली यांच्याच गटानं वेगवेगळ्या क्षेत्रांतले ४५ अभ्यास तपासले, त्यात फरक निघाले पण ते छोटे होते.

आपल्याकडं तुलना करताना शाळा सारख्या घ्याव्यात. शहरातल्या मोठ्या मुलींच्या शाळेच्या बाई एकीकडं, आणि खेड्यातले, वर्ग शिकवत शिकवत अक्षर दासोहाचा (दुपारच्या जेवणाचा) हिशोब, एसडीएमसीची (शाळा समितीची) मीटिंग नि बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसची कन्नड पत्रं सांभाळणारे इन्चार्ज सर दुसरीकडं, असं ठेवलं तर निघणारा फरक बाई-पुरुषाचा नसून शाळेचा असतो.