वुच : गिरण्यांनी घडवलेले शहर आणि त्याच्या स्वस्ताईमागचा इतिहास

पोलंडला जाणारे पर्यटक बहुधा वॉर्सा आणि क्राकोव्ह ही दोन शहरे पाहतात, सवड असली तर ग्दान्स्क किंवा व्रोत्स्वाफ गाठतात आणि परततात. वॉर्साच्या नैऋत्येला सुमारे १३० किलोमीटरवर असलेले आणि आगगाडीने साधारण सव्वा ते दीड तासात गाठता येणारे वुच हे साडेसहा लाख वस्तीचे शहर त्यांच्या यादीत क्वचितच असते. खुद्द पोलिश लोकांच्या मनातही या शहराविषयी दीर्घकाळ फारसे प्रेम नव्हते. येथे डोंगरावरचा किल्ला नाही, राजघराण्याचा वारसा नाही, शहराला शोभा देणारी मोठी नदीही नाही. जे आहे ते जवळजवळ सगळे एकोणिसाव्या शतकातील कापडधंद्याने उभे केलेले, आणि तो धंदा संपल्यावर मागे उरलेले आहे. वुच स्वस्त का राहिले आणि ते मुद्दाम जाऊन पाहण्याजोगे का आहे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच इतिहासात मिळतात.

वुचला नगराचा दर्जा मिळाला तो १४२३ मध्ये, राजा व्वादिस्वाफ यागिएवो याच्या सनदेने. परंतु त्यानंतरची चारशे वर्षे ते एक लहानसे शेतकी गावच राहिले. पोलंडची फाळणी होऊन हा प्रदेश आधी प्रशियाकडे आणि १८१५ नंतर रशियाच्या झारच्या अधिपत्याखालील पोलिश राज्याकडे गेला. त्या राज्याच्या सरकारने कापडधंदा वाढवण्यासाठी ज्या वसाहती निवडल्या, त्यांत १८२० मध्ये वुचचा समावेश झाला. तेव्हा गावाची वस्ती जेमतेम आठशेच्या घरात होती. निवडीचे कारण अगदी व्यावहारिक होते : गावाभोवती पाणचक्की फिरवता येईल इतक्या उताराचे अनेक ओढे होते, बांधकामाला आणि जळणाला पुरेल इतके जंगल होते आणि जमीन सरकारी होती. राइमुंड रेंबिएलिन्स्की या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली नव्या वस्तीची आखणी झाली, आणि सॅक्सनी, सायलेशिया, बोहेमिया या भागांतील विणकरांना व सूत कातणाऱ्यांना जमीन, घरासाठी लाकूड आणि काही वर्षांची करमाफी देऊन बोलावण्यात आले. आज शहराच्या मध्यातून सरळ दक्षिणेकडे चार किलोमीटरहून अधिक धावणारा पिओत्रकोफ्स्का रस्ता आणि त्याच्या उत्तर टोकाचा अष्टकोनी चौक ही त्या आखणीचीच देणगी आहे. युरोपातील जुन्या शहरांत एखाद्या देवळाभोवती किंवा बाजाराभोवती गल्ल्या वळत जातात. येथे मात्र विणकरांच्या अंगणांची मापे एका रेषेत मांडत शहर वाढत गेले.

लुदविक गेयर याने याच रस्त्याच्या दक्षिण भागात बांधलेल्या गिरणीत १८३९ मध्ये शहरातील पहिले वाफेचे इंजिन सुरू झाले. पांढऱ्या भिंतींची ती इमारत अजून उभी आहे आणि तिच्यात वस्त्रोद्योगाचे मध्यवर्ती संग्रहालय आहे. वुचला येणाऱ्याने पहिला अर्धा दिवस येथे द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हातमागापासून यंत्रमागापर्यंतचा प्रवास एकदा डोळ्यांखालून गेला की पुढे शहरात दिसणारी प्रत्येक लाल विटांची भिंत ओळखीची वाटू लागते.

खरी भरभराट मात्र जकातीच्या एका निर्णयाने झाली. पोलिश राज्य आणि रशिया यांच्यामधील जकातीची सीमा १८५० च्या सुमारास उठली आणि वुचच्या मालाला रशियाची अफाट बाजारपेठ मोकळी झाली. कारोल शायब्लर हा जर्मन उद्योजक १८५४ मध्ये वुचला स्थायिक झाला. मुंबईत कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली, तेही हेच वर्ष. दोन्ही शहरांचे भवितव्य पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाने एकाच वेळी हलवले, पण विरुद्ध दिशांनी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकी कापूस अडला, तेव्हा कापूस विकणारी मुंबई पैशाने न्हाऊन निघाली, तर कापूस विकत घेणाऱ्या वुचमधील हातमागवाल्यांच्या घरी चूल पेटेनाशी झाली. शायब्लरने आधीच मोठा साठा करून ठेवलेला होता. इतरांचे माग थांबले असताना त्याची गिरणी चालू राहिली आणि युद्ध संपेपर्यंत तो शहरातील सर्वांत मोठा कारखानदार झाला. १८६५ मध्ये रेल्वेचा फाटा आला. १८९७ च्या जनगणनेत वुचची वस्ती तीन लाखांच्या वर भरली आणि पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ती पाच लाखांच्या आसपास पोहोचली. एका माणसाच्या आयुष्यात बसेल एवढ्या काळात खेड्याचे महानगर झाल्याची अशी उदाहरणे युरोपात फार थोडी आहेत.

शायब्लरने वसवलेला क्शेंझी म्विन हा भाग आज शहरातील सर्वांत सलग टिकलेला वारसा आहे. दोनशे मीटरहून लांब सूतगिरणी, तिच्यासमोर ओळीने बांधलेली कामगारांची विटांची घरे, शाळा, दवाखाना, अग्निशामक केंद्र, दुकान आणि हे सारे मालकाच्या नजरेच्या टप्प्यात ठेवणारी हवेली, अशी ती स्वयंपूर्ण वसाहत होती. गिरणगावातील चाळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या घरांची रचना चटकन कळेल; फरक इतकाच की मुंबईच्या गिरणीत प्रामुख्याने पुरुष कामाला होते आणि त्यांची कुटुंबे पुष्कळदा कोकणात वा देशावर राहत, तर वुचमध्ये नवरा, बायको आणि वयात आलेली मुले एकाच भोंग्यावर घराबाहेर पडत. या बायकांनी शहराच्या इतिहासात पुढे जे काम केले, त्याची बीजे येथेच आहेत.

शहराच्या दुसऱ्या टोकाला इझ्राएल पोझनान्स्की या ज्यू उद्योजकाने आपले साम्राज्य उभारले. गिरणीला लागूनच बांधलेला त्याचा प्रासाद आज शहराचे संग्रहालय आहे. पोलिश, जर्मन, ज्यू आणि रशियन अशा चार समाजांचे हे शहर होते, आणि त्यांची कॅथलिक व प्रोटेस्टंट चर्चे, सिनेगॉग आणि १८८४ चे ऑर्थोडॉक्स कॅथेड्रल एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. या सहजीवनाचे आज बरेच गोडवे गायले जातात. पण त्याच्या तळाशी असलेली पिळवणूक विसरता येत नाही. मे १८९२ मध्ये कामगारांनी पुकारलेला सार्वत्रिक संप सैन्याने मोडला, जून १९०५ मध्ये रस्त्यांवर अडथळे रचून लढाई झाली, आणि १९०६-०७ च्या हिवाळ्यात मोठ्या गिरण्यांच्या मालकांनी टाळेबंदी करून हजारो कुटुंबांना उपाशी ठेवले.

पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने गिरण्यांतील यंत्रे आणि धातू उचलून नेले, आणि क्रांतीनंतर रशियाची बाजारपेठही गेली. स्वतंत्र पोलंडमधील वुच पूर्वीइतके श्रीमंत कधीच झाले नाही. तरीही याच काळात व्वादिस्वाफ स्त्शेमिन्स्की आणि कातार्झिना कोब्रो या कलावंतांच्या गटाने युरोपातील चित्रकारांकडून त्यांच्या कृती देणगी म्हणून मिळवल्या आणि १९३१ मध्ये आधुनिक कलेचा आंतरराष्ट्रीय संग्रह येथे लोकांसाठी खुला झाला. जगातील अशा सर्वांत जुन्या सार्वजनिक संग्रहांपैकी तो एक आहे. कामगारांच्या शहराला अशी देणगी मिळाली, याचे मला फार मोल वाटते.

१९३९ मध्ये वुचच्या सुमारे पावणेसात लाख लोकांपैकी जवळजवळ एक तृतीयांश ज्यू होते. सप्टेंबरमध्ये नाझी सैन्य आले, शहर थेट जर्मन राइखला जोडले गेले आणि एप्रिल १९४० मध्ये त्याचे नाव बदलून लिट्झमानश्टाट करण्यात आले. उत्तरेकडील बावुती या गरीब वस्तीभोवती काटेरी तारा घालून सुमारे १,६०,००० ज्यूंना आत कोंडण्यात आले. वॉर्साच्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडण्यासाठी केलेल्या अशाच बंदिस्त वस्तीत, भुयारी गटारांतून अन्न आणि माणसे यांची ने-आण करता येत असे. बावुतीत भुयारी गटारेच नव्हती, त्यामुळे ही वाटही बंद होती. घेट्टोचा ज्यू प्रशासक खाइम रुम्कोव्स्की याने, जर्मनांना उपयोगी पडलो तर जगू, या आशेवर सारी वस्ती शिवणकामाच्या कारखान्यांत जुंपली आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे कापडकामाचे कौशल्य जर्मन सैन्याचे गणवेश शिवण्यात खर्ची पडले. जानेवारी १९४२ पासून खेल्म्नोच्या मृत्युछावणीकडे गाड्या सुटू लागल्या. त्याच वर्षी सप्टेंबरच्या काही दिवसांत दहा वर्षांखालील मुले, वृद्ध आणि आजारी मिळून पंधरा हजारांहून अधिक लोक नेले गेले. प्राग, व्हिएन्ना, बर्लिन येथून आणलेले ज्यू आणि सुमारे पाच हजार रोमा व सिंती लोक धरून दोन लाखांहून अधिक माणसे या घेट्टोतून गेली. ऑगस्ट १९४४ मध्ये उरलेल्यांना आउश्वित्झला पाठवले गेले. जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्य आले तेव्हा शहरात मागे ठेवलेले सुमारे आठशे-नऊशे ज्यू जिवंत होते. ज्या राडेगास्ट स्थानकातून गाड्या सुटत, तेथे आता स्मारक आहे, आणि १८९२ मध्ये सुरू झालेल्या ज्यू दफनभूमीत घेट्टोतील चाळीस हजारांहून अधिक मृतांच्या कबरी आहेत. वुच पाहायला जाणाऱ्याने या दोन ठिकाणांसाठी वेगळा वेळ राखून ठेवला पाहिजे. घाईच्या सहलीत ती उरकू नयेत.

माणसे अशी मारली गेली, पण इमारती बहुतांशी शाबूत राहिल्या. वॉर्सा जमीनदोस्त झाल्यामुळे युद्धानंतरची काही वर्षे अनेक सरकारी कार्यालये, प्रकाशने आणि कलावंत वुचमध्ये होते. १९४५ मध्ये येथे विद्यापीठ निघाले आणि १९४८ मध्ये चित्रपटविद्यालय सुरू झाले. आंद्झेय वायदा, रोमान पोलान्स्की, क्शिश्तोफ किएश्लोव्स्की हे दिग्दर्शक याच विद्यालयाचे विद्यार्थी. २०१७ मध्ये युनेस्कोने वुचला चित्रपटनगरीचा दर्जा दिला. शायब्लरच्या हवेलीत चित्रपटाचे संग्रहालय आहे. पुण्यात चित्रपट शिकलेल्या वा चित्रपट महोत्सवांना नेमाने जाणाऱ्या वाचकाला एवढे एक कारणही पुरेसे ठरेल.

युद्धानंतर साम्यवादी राजवटीत गिरण्या सरकारी झाल्या, तरी मागावरच्या बाईचे कष्ट कमी झाले नाहीत. डिसेंबर १९७० मध्ये सरकारने अन्नपदार्थांच्या किमती वाढवल्या, तेव्हा समुद्रकिनाऱ्यावरील गोदी कामगारांवर गोळ्या चालल्या आणि पक्षाचा प्रमुख बदलला, पण दरवाढ कायम राहिली. फेब्रुवारी १९७१ मध्ये वुचच्या गिरण्या थांबल्या. संपावर बहुसंख्येने स्त्रिया होत्या. पंतप्रधान पिओत्र यारोशेविच यांना स्वतः येऊन रात्री त्यांच्यासमोर उभे राहावे लागले आणि १५ फेब्रुवारीला दरवाढ मागे घेतल्याची घोषणा झाली. पोलंडच्या कामगार चळवळीच्या इतिहासात ग्दान्स्कच्या गोदीला जे स्थान मिळाले, ते या बायकांना अजून पुरते मिळालेले नाही.

१९८९ नंतर सोव्हिएत गटाची बाजारपेठ कोसळली आणि काही वर्षांत एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. बेरोजगारी वीस टक्क्यांच्या वर गेली, तरुण वॉर्साकडे आणि पुढे ब्रिटन, जर्मनीकडे निघाले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस साडेआठ लाख असलेली वस्ती तेव्हापासून सुमारे दोन लाखांनी घटली आहे. घरे रिकामी, भाडी कमी आणि पर्यटकांचा ओघ जेमतेम, हे येथील स्वस्ताईचे खरे कारण आहे. पोलंडचे चलन युरो नसून झ्लोटी आहे, हे दुसरे. मुंबईत १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनीला सोन्याचा भाव होता, म्हणून बहुतेक गिरण्या पाडून तेथे मनोरे उभे राहिले. वुचमध्ये जमिनीला भावच नव्हता, म्हणून गिरण्या पडक्या अवस्थेत का होईना, पण उभ्या राहिल्या, आणि पुढे त्यांचा नव्याने विचार करायला अवधी मिळाला.

२००६ मध्ये पोझनान्स्कीच्या सत्तावीस हेक्टरांच्या आवारात मानुफाक्तुरा हे बाजार आणि संस्कृतीचे केंद्र सुरू झाले. दोन वर्षांनी त्यातील एका विणकामाच्या गिरणीत आधुनिक कलेच्या संग्रहाची शाखा आली. १९०७ चे वीजकेंद्र आता विज्ञानकेंद्र आणि तारांगण आहे. क्शेंझी म्विनची सूतगिरणी निवासी गाळ्यांत बदलली. बंद पडलेल्या घरांच्या बाजूच्या उघड्या भिंतींवर देशोदेशीच्या चित्रकारांनी प्रचंड भित्तिचित्रे काढली आहेत आणि ती पाहायला तिकीट लागत नाही. १८९८ पासून धावणारी विजेची ट्राम शहरभर नेते. सरकारी अनुदानावर चालत आलेल्या ‘दूध खाणावळी’त सूप आणि बटाटा-चीज भरलेले पिएरोगी माफक दरात मिळतात, त्यामुळे शाकाहारी माणसाचीही अडचण होत नाही. पिओत्रकोफ्स्का रस्त्यावरून चालताना मात्र दर्शनी भागावर न थांबता दिंडीदरवाजातून आतल्या अंगणांत शिरावे. हवेलीमागे गोदाम, गोदामामागे माग आणि त्यामागे कामगारांच्या खोल्या, हा सारा उतरता क्रम तेथे अजून वाचता येतो.

दुरुस्तीचे काम सर्वत्र सारखे झालेले नाही. मध्यवस्तीतील कित्येक घरे अजून काजळीने काळी आहेत. वुच फाब्रिचना हे मुख्य स्थानक २०१६ मध्ये जमिनीखाली नव्याने बांधले गेले, तरी गाड्या तेथेच संपतात. १८६५ चा तो फाटा अजून फाटाच आहे. शहराच्या मध्याखालून पश्चिमेकडे जाणाऱ्या रेल्वे बोगद्याचे काम हाती घेण्यात आले आहे. तो पुरा झाल्यावर वॉर्साहून पोझनान आणि व्रोत्स्वाफकडे जाणाऱ्या गाड्यांना वुचच्या पोटातून थेट जाता येईल, आणि तेव्हा येथील घरभाडी आजच्या पातळीवर राहतील असे मला वाटत नाही.