जागतिक भाषांचे शिक्षण, अमेरिकेतील सार्वजनिक शाळांतील

अमेरिकेतील सरकारी शाळांमध्ये इंग्रजीखेरीज इतर भाषा विषय म्हणून शिकवण्याची व्यवस्था. स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन, चिनी, लॅटिन यांच्या जोडीला बऱ्याच ठिकाणी कर्णबधिरांची अमेरिकन खुणांची भाषाही तिच्यात धरतात. पूर्वी या विषयाला ‘परकीय भाषा’ म्हणत. पण वर्गातल्या कित्येक मुलांच्या घरी स्पॅनिशच बोलली जाते. तिला परकी म्हणायचे कसे? या अडचणीतून ‘जागतिक भाषा’ हे नाव रूढ झाले. नाव भारदस्त आहे, प्रत्यक्षात हे जग बरेचसे स्पॅनिशपुरते आहे. २०१४-१५ सालच्या राष्ट्रीय पाहणीत बालवाडी ते बारावीची सुमारे २० टक्के, म्हणजे जवळपास १ कोटी ६ लाख मुले एखादी भाषा शिकत होती. त्यांतली सुमारे ७४ लाख स्पॅनिशच्या वर्गात होती, फ्रेंचच्या वर्गात १३ लाखांच्या आसपास. चिनीला सव्वादोन लाख, तर कोणाच्याही घरी न बोलल्या जाणाऱ्या लॅटिनला दोन लाखांवर विद्यार्थी होते.

कोणती भाषा कोणत्या इयत्तेपासून शिकवायची, हे वॉशिंग्टनहून ठरत नाही. आपल्याकडच्या त्रिभाषा सूत्रासारखे देशव्यापी धोरण तिथे नाही. राज्य चौकट आखून देते आणि पुढचे बहुतेक निर्णय स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या, हाती असतात. असे सुमारे १३ हजार डिस्ट्रिक्ट देशभर आहेत. प्रत्येकाचे शाळा मंडळ असते, ते बहुधा निवडून येते आणि खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून भागतो. त्यामुळे एका गावात पहिलीपासून चिनी आणि शेजारच्या गावात नववीपर्यंत काहीच नाही, असे सर्रास दिसते. पैसा आटला की पहिली कुऱ्हाड प्राथमिक शाळेतल्या भाषेवर पडते. शिक्षक निवृत्त झाला आणि जागा भरली गेली नाही की जर्मन किंवा फ्रेंच गुपचूप बंद होते.

राजकारणाचे वारेही या विषयाने भरपूर सोसले. ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात १८४० पासून सरकारी शाळांत इंग्रजीबरोबर जर्मनही शिकवत. १९१५ मध्ये हायस्कूलचे सुमारे २४ टक्के विद्यार्थी जर्मन घेत होते. पहिल्या महायुद्धानंतर, १९२२ पर्यंत, ते प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आले. नेब्रास्का राज्याने १९१९ मध्ये कायदाच केला की आठवी पास होण्याआधी मुलाला इंग्रजीखेरीज दुसरी भाषा शिकवायची नाही. रॉबर्ट मेयर या शिक्षकाने चर्चच्या शाळेत दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवले म्हणून त्याला २५ डॉलर दंड झाला. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेयरच्या बाजूने निकाल दिला आणि कायदा रद्द ठरला, पण गेलेले जर्मनचे वर्ग पूर्वीच्या संख्येने परतले नाहीत. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला तेव्हा मात्र वारे फिरले. पुढच्याच वर्षी झालेल्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने गणित-विज्ञानाबरोबर आधुनिक भाषांनाही पैसा दिला आणि शाळाशाळांत हेडफोन लावून वाक्ये घोकण्याच्या भाषा-प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. भाषेला तिजोरी उघडली ती संरक्षणाच्या नावाने, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

खरी अडचण तासांची आहे. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेच्या अनुभवानुसार इंग्रजीभाषकाला स्पॅनिशमध्ये कामापुरते प्रावीण्य यायला वर्गातले सुमारे ६०० ते ७५० तास लागतात. चिनी, जपानी, कोरियन किंवा अरबीला २२००. शाळेत रोज ५० मिनिटांचा तास आणि वर्षाचे १८० दिवस धरले तर हाती येतात १५० तास. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रवेशाला एकाच भाषेची दोन वर्षे पुरतात, म्हणजे ३०० तास. आणि अनेक मुले तेवढ्यावरच थांबतात. शिवाय ते परराष्ट्र खात्याचे आकडे लहान वर्गांत दिवसभर हेच काम करणाऱ्या प्रौढांचे आहेत, तीस पोरांच्या वर्गाचे नव्हेत.

या गणितावर युटा राज्याने काढलेला तोडगा विशेष गाजला. २००८ मध्ये तिथे द्विभाषी शाळांसाठी कायदा झाला. पहिलीचे दोन वर्ग आणि दोन शिक्षक: सकाळी एक वर्ग चिनी बाईंकडे, दुसरा इंग्रजी बाईंकडे, जेवणानंतर अदलाबदल. चिनीच्या खोलीत गणितही चिनीतूनच होते. बाई इंग्रजी बोलतच नाहीत. ‘वही मिटा’ हे हाताने मिटून दाखवतात. भाषेसाठी जादा शिक्षक नेमावा लागत नाही, हे शाळा मंडळांना पटणारे खरे कारण. ह्यूस्टनने आणखी पुढे जाऊन चिनी (२०१२) आणि अरबी (२०१५) यांच्या स्वतंत्र सरकारी शाळा काढल्या. त्याच डिस्ट्रिक्टच्या बेलेअर हायस्कूलमध्ये हिंदी विषय म्हणून शिकवली गेली आहे.

वर्गातले शिकवणेही बदलले. १९९६ च्या राष्ट्रीय मानकांनंतर धातूंची रूपे पाठ करण्यापेक्षा भाषेने काय साधता येते यावर भर आला. नवशिक्या (नॉव्हिस) पातळीचा विद्यार्थी ‘माझा भाऊ. उंच. फुटबॉल.’ एवढ्यावर थांबतो. मधल्या (इंटरमिजिएट) पातळीचा स्वतःची वाक्ये रचतो, प्रश्न विचारतो, अडला तर वळसा घालून सांगतो.

यातला विरोधाभास स्थलांतरितांना जास्त जाणवतो. घरून स्पॅनिश घेऊन आलेल्या मुलाला शाळेने आधी इंग्रजीत ओढून न्यायचे आणि नववीत त्याच्यापुढे स्पॅनिशचे पहिले पुस्तक ठेवायचे, असे वर्षानुवर्षे चालले. कॅलिफोर्नियाने १९९८ मध्ये जनमत घेऊन द्विभाषी शिक्षण जवळपास मोडीत काढले आणि २०१६ मध्ये पुन्हा जनमत घेऊन तो निर्णय फिरवला. मधल्या काळात, २०११ मध्ये, त्याच राज्याने बारावीच्या प्रमाणपत्रावर ‘सील ऑफ बायलिटरसी’ ही द्विभाषिकतेची मोहोर सुरू केली. ती पुढे बहुतेक राज्यांनी उचलली.

मराठी मुलांचा संबंध येतो तो इथे. बहुतेक डिस्ट्रिक्टांत मराठीचा वर्ग नसतो. शिकवतात ते रविवारी महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळांमधले पालक. पण मोहोर मिळायला भाषा शाळेतच शिकली पाहिजे असे नाही, मान्य चाचणीत पातळी दाखवली की अनेक ठिकाणी पुरते. ‘स्टॅम्प’ या संगणकीय चाचणीच्या लेखन-संभाषण प्रकारात तमिळ, तेलुगू, कन्नडबरोबर मराठीही आहे. लेखन आणि संभाषण यांचे गुण वेगवेगळे लागतात. आजीशी फोनवर तासभर गप्पा मारणारी मुलगी संभाषणात सहज पुढे जाते. लेखनात ‘स्वयंपाकघर’ आले की कीबोर्डवर आधी अर्धा स शोधत बसते.