पोटरी फाटली की टाचेमागची शीर तुटली?

मागून कोणीतरी रॅकेट मारली असं वाटून माणूस चिडून वळतो, तर मागे कोणीच नसतं. बॅडमिंटन कोर्टावर चाळिशी-पंचेचाळिशीतल्या गड्याच्या पायाला असा ‘फट्’ झटका बसला, की दोन शक्यता आधी धरायच्या. एक तर पोटरीचा स्नायू फाटला असेल, किंवा त्या स्नायूला टाचेच्या हाडाशी जोडणारी जाड शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, तुटली असेल. पुण्यातल्या कोर्टांवर दोन्हींवर उपचार एकच होतो : बर्फ, क्रेप बँडेज आणि ‘दोन दिवसांत पळायला लागशील’ असं सांगणारे तिघे पार्टनर.

दुखतंय किती, यावर जाऊ नका. फाटलेला स्नायू बहुतेक वेळा जास्त बोंबलतो. शीर तुटल्यावर पहिली कळ ओसरली की कित्येकांचं दुखणं चक्क कमी होतं; माणूस लंगडत पार्किंगपर्यंत जातो. बोटं हलतात, पाऊलही थोडंफार खाली दाबता येतं, कारण घोट्यामागून जाणाऱ्या दुसऱ्या शिरा ते काम करतात. एक्स-रेमध्ये हाड शाबूत दिसतं आणि घरचे सुटकेचा श्वास सोडतात. एक्स-रे हाडासाठी असतो. शीर बघायची तर सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो.

जागा मात्र बरंच सांगते. स्नायू फाटतो तो साधारण पोटरीच्या मध्यावर, बहुधा आतल्या बाजूला. शीर तुटते ती टाचेच्या हाडापासून २ ते ६ सेंटीमीटर वर, जिथे रक्तपुरवठा मुळात कमी असतो. चांगल्या पायाच्या शिरेवरून बोट फिरवा, ताठ दोरी लागते. दुखऱ्या पायावर तिथेच खड्डा लागला तर उत्तर मिळालं. काही तासांत सूज तो खड्डा भरून काढते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी खड्डा लागला नाही म्हणून खूश व्हायचं कारण नाही. काळंनिळं कुठे झालंय यावरूनही ठरवू नका. पोटरीतलं रक्त दोन-चार दिवसांत घोट्यापर्यंत उतरतं.

सगळ्यात भरवशाची परीक्षा कोर्टाशेजारच्या बाकावर होते आणि तिला पैसे पडत नाहीत. माणसाला बाकावर गुडघे टेकून उभं करायचं, पावलं मागे मोकळी लोंबत ठेवायची, पोटरीचा सगळ्यात जाड भाग मुठीत धरून दाबायचा. शीर शाबूत असेल तर पाऊल आपोआप खाली झुकतं. तुटली असेल तर ते ढिम्म राहतं. आधी चांगल्या पायावर करून बघा, म्हणजे फरक डोळ्यांना दिसतो. पाऊल हललं नाही, तर त्याच दिवशी ऑर्थोपेडिक डॉक्टर गाठायचा. चार-सहा आठवडे गेले की तुटलेली टोकं आक्रसतात आणि मग साध्या टाक्यांनी भागत नाही.

आता उपचार. पोटरी फाटली असेल तर पहिले काही दिवस विश्रांती, बर्फ, बुटात टाचेखाली छोटी उंची. मालिशवाल्याला अजिबात हात लावू देऊ नका. मग फिजिओच्या सांगण्यानुसार हळूहळू ताण द्यायचा, वजन टाकायचं. किरकोळ इजा दोन-तीन आठवड्यांत आवरते, मोठीला दोनेक महिने लागतात.

शिरेच्या बाबतीत ताण हाच शत्रू. पाऊल खाली झुकलेल्या अवस्थेत प्लास्टर किंवा टाचेखाली पाचर घातलेला बूट, आणि पाचरी आठवड्या-आठवड्याने कमी करत साधारण दोन महिने. या काळात शीर ताणली गेली तर ती जुळते खरी, पण लांब होऊन. गॅलरीतल्या ढिल्या पडलेल्या दोरीसारखी. मग पोटरीने कितीही जोर लावला तरी टाच नीट उचलली जात नाही. म्हणून बूट निघाल्यावरही आपल्याकडच्या काही सवयी टाळायच्या : उकिडवं बसणं, भारतीय पद्धतीचा संडास, पायरीच्या कडेवर टाच लोंबती सोडणं. स्कूटरचे ब्रेक हातात असले तरी सिग्नलला पाय टेकवावा लागतो, आणि पुण्यात सिग्नल नसतानाही.

शस्त्रक्रिया करायची का, यावर घरोघरी वाद होतात. नॉर्वेत ५२६ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर पायाची स्थिती दोन्ही मार्गांनी सारखीच निघाली. शीर पुन्हा तुटण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेविना ६.२ टक्के होतं, शस्त्रक्रियेनंतर ०.६ टक्के. उलट मज्जातंतूला (नर्व्हला) इजा शस्त्रक्रियेत जास्त झाल्या. माझं मत विचाराल तर ज्याला पुन्हा कोर्टावर उतरायचंच आहे त्याने शस्त्रक्रियेचा विचार जरूर करावा. मधुमेह किंवा धूम्रपान असेल तर जखम भरायचा प्रश्न आधी डॉक्टरांशी बोलावा.

जाता जाता एक औषध. जुलाबासाठी केमिस्टकडून परस्पर घेतली जाणारी सिप्रोफ्लॉक्सासिन आणि तिच्या जातीतल्या गोळ्यांनी ही शीर कमकुवत होऊ शकते. सोबत स्टेरॉइड चालू असेल तर धोका आणखी वाढतो.

दोन्ही दुखापतींत एक गोष्ट मात्र सारखी : काही दिवसांनी पोटरी नव्याने सुजली, गरम लागली, किंवा दम लागला, तर रक्तवाहिनीत रक्ताची गाठ झालेली असू शकते. तेव्हा रात्र असली तरी थांबायचं नाही.

शीर तुटलेल्याला खेळात परतायला ९ ते १२ महिने लागतात आणि ती पोटरी पुढेही जरा बारीकच राहते. कॅलेंडर बघून नव्हे, तर त्या एका पायावर उभं राहून टाच दुसऱ्या पायाइतकीच उंच, तितक्याच वेळा उचलता येते का, हे बघून ठरवतात. ते जमेपर्यंत पर्वतीच्या १०३ पायऱ्या कठडा धरून चढा; सिंहगडाचा उतार आणि स्मॅश दोन्ही पुढच्या मोसमात.