जाऊ देतात, की हक्काने जाता येतं? नदीकाठच्या घोड्याच्या वाटेचा घोळ

इंग्लंड-वेल्समध्ये घोडेस्वारी करणाऱ्या आपल्या लोकांकडून एक वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता सविस्तर लिहूनच टाकते. "अगं ती नदीकाठची वाट ना, ब्रायडलवेच आहे ती, आम्ही कधीपासून जातोय तिथनं." आणि मग एक दिवस शेत विकलं जातं, नव्या मालकाचं कुलूप गेटवर लागतं आणि फोन येतो की असं कसं बंद केलं त्यांनी. ती वाट ब्रायडलवे, म्हणजे घोड्याने जायचा सार्वजनिक हक्क असलेली वाट, नव्हतीच कधी, ती परमिसिव्ह होती, म्हणजे मालक जाऊ देत होता म्हणून तुम्ही जात होतात.

ब्रायडलवे तुम्हाला माहीतच आहे, त्यात वेळ घालवत नाही. वाटेवरच्या खुणेत निळा बाण, पायी चाला, घोड्यावर जा किंवा घोडा हातात धरून न्या, आणि १९६८ च्या कायद्यापासून सायकलसुद्धा, फक्त सायकलवाल्याने चालणाऱ्यांना आणि घोड्यांना आधी वाट द्यायची. पिवळा बाण म्हणजे फुटपाथ, तिथे घोडेस्वाराला हक्क नाही. परमिसिव्ह ब्रायडलवे जागेवर अगदी तशीच दिसते, तेच गेट, तोच चिखल, तेच खुरांचे ठसे. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेच्या एक्सप्लोरर नकाशात हक्काची वाट हिरव्या तुटक रेघेने असते आणि परमिसिव्ह नारिंगी. दोन मिनिटांचं काम आहे, पण लोक बघतच नाहीत. आणि नकाशावरही शेवटची भिस्त ठेवू नका, खरा पुरावा काउन्सिलकडचा (तिथल्या स्थानिक प्रशासनाकडचा) डेफिनिटिव्ह मॅप, म्हणजे हक्काच्या वाटांची कायदेशीर नोंद असलेला नकाशा.

आता मुख्य मुद्दा, कारण इथेच भलेभले फसतात. शेतावरची वहिवाट आपल्याला सांगावी लागत नाही, वर्षानुवर्षं वापरली की ती वाट मोडता येत नाही एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. इंग्लंडमध्येही तसं आहे, १९८० च्या हायवेज ॲक्टचं कलम ३१: लोकांनी एखादी वाट सलग २० वर्षं वापरली तर मालकाने ती सार्वजनिक केली असं धरलं जातं. इथपर्यंतच ऐकून लोक खूश होतात आणि म्हणतात आम्ही तर ३० वर्षं जातोय. पण तो वापर कसा होता हे कोणी विचारतच नाही. दांडगाई करून नको, लपूनछपून नको, आणि परवानगीने नको. पहिले दोन सगळ्यांना पटतात. तिसरं ऐकलं की माणसं गोंधळतात, म्हणतात परवानगी होती म्हणजे उलट चांगलंच ना?

नाही, चांगलं नाही! कायदा बघतो की लोक जणू हक्कच आहे असं समजून उघड जात होते का, आणि मालक ते बघून गप्प राहिला का. मालक "या हो, जा खुशाल" म्हणाला की त्याने आपली मालकी वापरली आणि तुम्ही त्याचे पाहुणे झालात. पाहुणा ५० वर्षं येत राहिला तरी घर त्याच्या नावावर होत नाही. परमिसिव्ह वाटेवरची तुमची ३० वर्षं म्हणूनच हक्काच्या हिशोबात शून्य धरली जातात, आणि हे ऐकताना समोरच्याचा चेहरा पडतो ते मला बघवत नाही, पण खोटं तरी कसं सांगणार.

याच्या उलटही लक्षात ठेवा, गप्प बसणं म्हणजे परवानगी नव्हे. मालक ट्रॅक्टरवरून रोज बघतो, हात करतो, काही बोलत नाही, तर ती परवानगी धरत नाहीत, त्याने काहीतरी उघड बोललं किंवा केलं पाहिजे, हे हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, २००३ च्या बेरेसफर्ड खटल्यात सांगितलंय (तो खटला मैदानाचा होता, पण तत्त्व तेच). तसंच मालकाच्या मनात वाट द्यायची नव्हती एवढं पुरत नाही, वापरणाऱ्यांना ते कळायला हवं, हे २००७ च्या गॉडमँचेस्टर निकालात आहे. पाटी लावली, वर्षातनं एक दिवस गेट बंद ठेवलं, तर कळलं. एक पळवाट मात्र जमिनीवर दिसतच नाही: मालक काउन्सिलकडे नकाशा आणि घोषणापत्र जमा करू शकतो की मी कुठलीही नवी वाट देत नाहीये, इंग्लंडमध्ये ते दर २० वर्षांनी नवं केलं की त्याचं काम झालं. काउन्सिलच्या रजिस्टरमध्ये ते बघता येतं. आधी ते बघा, मग बोला.

आमच्या जुन्या तबेल्याजवळच्या नदीकाठच्या वाटेचं हेच झालं. १७ वर्षं सगळे बिनबोभाट जात होते, मग एका अतिशय सज्जन बाईंनी, ज्यांना फक्त सगळं रीतसर हवं होतं, मालकाला पत्र लिहिलं की आम्हाला जाऊ द्याल का. मालकानेही आनंदाने लेखी हो म्हटलं आणि ते पत्र टॅकरूममध्ये (खोगीर-लगाम ठेवायच्या खोलीत) लावलं गेलं. सगळ्यांना वाटलं वाट पक्की झाली. खरं तर त्या दिवशी २० वर्षांची मोजणी थांबली, ३ वर्षं कमी पडली, आणि आज तिथे घोडे जात नाहीत. मला अजून त्या पत्राचं दुःख होतं.

म्हणून जुन्या वाटेवर अचानक "परमिसिव्ह" अशी नवी पाटी दिसली तर, चला, आता ऑफिशियल झालं, असं म्हणून आनंद मानू नका आणि सगळं संपलं असंही समजू नका. त्या दिवशीच तारखेसकट फोटो काढा. २० वर्षं मागे मोजायची ती वाटेच्या हक्काला पहिल्यांदा आव्हान मिळालं त्या दिवसापासून, आणि अशी पाटी ते आव्हान ठरू शकते. त्याआधीची २० वर्षं बिनापरवानगीची भरत असतील तर दावा अजून जिवंत आहे.

नदीकाठाच्या वाटांना आणखी दोन दुखणी. एक टोपाथ. नावा ओढायला घोडेच चालायचे तिथे, मग आपला हक्क असणारच असं लोक धरून चालतात. ते घोडे नावा ओढायच्या कामापुरते जायचे, कोणीही स्वारी करावी असा सार्वजनिक हक्क त्यातनं निघत नाही. थेम्स पाथ बघा, १९९६ ला सुरू झालेली १८४ मैलांची वाट, बरीचशी जुन्या टोपाथवरूनच जाते, आणि तिचा बराचसा भाग आज घोड्याला बंद आहे. घोड्यांनीच तुडवून तयार केलेल्या वाटेवर घोडा नको, हे मला कधीच पटणार नाही, पण नियम तो आहे. दुसरं, काठ खचणं. पुरात हक्काची वाट पाण्यात गेली की ती आपोआप शेतात आत सरकत नाही, नवी रेघ नव्याने मिळवावी लागते, त्यामुळे काठ ढासळायला लागलाय असं दिसलं की वाट आहे तोवरच काउन्सिलला कळवा.

मालक भला असेल तर त्याच्याकडे परवानगी मागू नका, डेडिकेशन मागा. तो काउन्सिलशी करार करून वाट कायमची ब्रायडलवे म्हणून देऊ शकतो, मग शेत दहा वेळा विकलं तरी फरक पडत नाही. तो तयार नसेल, आणि वाट मुळात परमिसिव्हच असेल, तर निदान करार लेखी करून घ्या आणि बंद करायच्या आधी किती महिन्यांची नोटीस द्यायची ते त्यात घाला. काही मालक सरकारी अनुदान योजनेतनं पैसे मिळत होते म्हणून वाट देत होते, योजना संपल्यावर त्यातल्या कितीतरी बंद झाल्या, तेव्हा करार कशाच्या जोरावर चाललाय तेही विचारा.

आणि काउन्सिलकडे हक्काच्या वाटेचा दावा करायचा असेल तर पुरावे घोडेस्वारांचेच गोळा करा. कुत्रा फिरवणाऱ्या ४० जणांचे साक्षीचे फॉर्म भरून आणाल तर फार तर फुटपाथ मिळेल, आपल्याला त्याचा उपयोग नाही. फॉर्मवर "बरीच वर्षं" असं लिहू नका, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत, आठवड्यातनं किती वेळा, कुठल्या घोड्यावर, गेट होतं का, उघडं होतं का, कोणी कधी अडवलं का, पाटी होती का, कोणाला विचारलं होतं का, सगळं लिहा, आणि नकाशावर नेमकी वाट स्वतःच्या हाताने आखा. तबेल्यातल्या सत्तरीच्या आजींकडे सगळ्यात आधी जा, त्यांच्या जुन्या फोटोंच्या मागे तारखा असतात.