विद्युत वाहनांचे बिनतारी चार्जिंग

केबल न जोडता, चुंबकीय क्षेत्रामार्फत विद्युत वाहनाच्या बॅटरीत वीज भरण्याची पद्धत. जमिनीवर किंवा रस्त्याखाली तांब्याच्या तारेचे एक वेटोळे बसवतात आणि दुसरे गाडीच्या तळाशी असते. खालच्या वेटोळ्यात झपाट्याने दिशा बदलणारा प्रवाह सोडला की बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि वरच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच.

रोहित्रही (ट्रान्सफॉर्मर) याच तत्त्वावर चालते. मात्र त्यातली दोन्ही वेटोळी एकाच लोखंडी गाभ्यावर असतात. इथे मध्ये दहा-वीस सेंमी. हवा असते आणि क्षेत्राचा मोठा भाग वरच्या वेटोळ्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून दोन्हींना धारित्रे (कपॅसिटर) जोडून ती एकाच वारंवारतेला अनुस्पंदित करतात, म्हणजे एकाच लयीत जुळवतात. मोटारींसाठी ही वारंवारता ८५ किलोहर्ट्झच्या आसपास ठरवली आहे. घरातली वीज ५० हर्ट्झची असते. गाडी नेमकी जागेवर उभी असेल तर सुमारे ९० टक्के वीज बॅटरीत पोहोचते, जरा बाजूला लागली की हे प्रमाण घसरते. खालचे वेटोळे ज्या तबकडीत असते तिच्यावर पडलेले नाणे किंवा किल्ली भोवरी प्रवाहांमुळे (बदलत्या क्षेत्राने धातूत उठणाऱ्या चक्राकार प्रवाहांमुळे) चटका बसण्याइतकी तापू शकते. त्यामुळे अशी वस्तू, किंवा गाडीखाली शिरलेले मांजर, ओळखून पुरवठा तोडणारे संवेदक या यंत्रणेत अत्यावश्यक ठरतात.

जनरल मोटर्सच्या १९९६ च्या ईव्ही१ मोटारीत प्रवर्तनानेच चार्जिंग होई, पण त्यासाठी केबलला लावलेली चपटी फळी हाताने खोबणीत घालावी लागे. पुढे कॅलिफोर्नियाने थेट धातुस्पर्शाची जोडणी प्रमाण मानली आणि ती पद्धत मागे पडली.

या तंत्राचे खरे मोल केबल उचलण्याचा त्रास वाचण्यात नाही, बॅटरी लहान करता येण्यात आहे. दक्षिण कोरियातील कायस्ट या संस्थेने ते दाखवून दिले. गुमी शहरात ऑगस्ट २०१३ मध्ये जाऊन-येऊन २४ किमी.च्या मार्गावर तिच्या दोन बस धावू लागल्या. रस्त्याखालच्या केबलमधून २० किलोहर्ट्झवर १०० किलोवॉट वीज, १७ सेंमी.चे अंतर ओलांडून, चालत्या बसला मिळे. कार्यक्षमता ८५ टक्के होती. केबल संपूर्ण मार्गावर नव्हे, ५ ते १५ टक्के भागातच पुरावी लागते आणि बस वर आली की तेवढाच तुकडा सुरू होतो. बॅटरी नेहमीच्या विद्युत बसच्या सुमारे एक तृतीयांश पुरली.

इतक्या थोड्या केबलवर कसे भागते, हे साध्या हिशेबाने कळते. ताशी २० किमी. वेगाने जाणारी बस १ किमी.ला तीन मिनिटे घेते. तेवढ्यात १०० किलोवॉटने ५ युनिट (किलोवॉट-तास) वीज मिळते. शहरी बसला किलोमीटरमागे एक-दीड युनिट लागते असे धरले, तर एका किलोमीटरच्या केबलवर तीन ते पाच किलोमीटर सुटतात. याउलट महामार्गावर ताशी १०० किमी. वेगाने धावणारी मोटार तेवढेच अंतर ३६ सेकंदांत ओलांडते. २५ किलोवॉटने तिला पाव युनिटच मिळेल, म्हणजे जेमतेम दीड किलोमीटरची बेगमी. इटलीत ब्रेबेमी महामार्गालगत आणि अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका रस्त्यावर चालत्या वाहनांच्या चाचण्या झाल्या आहेत. तरी शेकडो किलोमीटर महामार्ग खोदून त्याखाली वेटोळी घालण्यापेक्षा ठरलेल्या मार्गाच्या बस, टॅक्सीतळ आणि मालगोदामे यांना हे तंत्र आधी द्यावे, हेच शहाणपणाचे आहे.

पेट्रोल-डिझेलला पर्याय म्हणून याचा उल्लेख होतो, पण पर्याय वीज आहे; बिनतारी चार्जिंग ही ती पोहोचवण्याची एक रीत. वीज कोळशावर तयार झाली असेल तर धूर वीजकेंद्रात होतोच, आणि हवेतल्या अंतरात वाया जाणाऱ्या विजेसाठी तिथे थोडा जास्त कोळसाही जळतो.

भारतात नागपूरच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेने सी-डॅक या सरकारी संगणन-संशोधन संस्थेच्या तिरुवनंतपुरम केंद्राबरोबर १.५ किलोवॉटचा देशी बिनतारी चार्जर विकसित केला आहे. साध्या एकफेजी २३० व्होल्ट जोडणीवर चालणारा हा चार्जर १२.५ सेंमी. अंतरावरून जास्तीत जास्त ८९.४ टक्के कार्यक्षमता देतो आणि ४८ व्होल्टची ४.८ युनिटची बॅटरी सुमारे तीन तासांत ९० टक्क्यांपर्यंत भरतो. ई-रिक्षांमध्ये ४८ व्होल्टच्याच बॅटऱ्या सर्रास असतात.