चिनी काढे आणि एथिक्स कमिटी : ग्रंथोक्त औषधांच्या सवलतीची पार्श्वभूमी

1972 मध्ये मलेरियावरच्या एका वनस्पतीचा अर्क रुग्णांना देण्याआधी चिनी संशोधिका तू यूयू हिने आणि तिच्या दोन सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल होऊन स्वतः घेतला. मग तो हैनानमधल्या रुग्णांना दिला गेला. या कामाला 2015 मध्ये नोबेल मिळालं; 1972 मध्ये मात्र परवानगी मागायला तिथे एथिक्स कमिटीच, म्हणजे माणसांवरचं संशोधन आधी तपासणारी समितीच, नव्हती.

चीनमध्ये अशा तपासणीचे पहिले नियम 1998 चे, तेही प्रायोगिक. पक्के झाले 2016 मध्ये. पारंपरिक औषधांच्या संशोधनासाठी वेगळी नियमावली 2010 मध्ये आली. त्याआधीच, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला, बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या औषधात एका चिनी मुळीऐवजी भलतीच मुळी गेली आणि शंभराहून जास्त बायकांच्या मूत्रपिंडांना इजा झाली. त्या भलत्या मुळीच्या जातकुळीतल्या वनस्पतीही शतकानुशतकं वापरात होत्या.

तरी, शतकांचा वापर म्हणजेच सुरक्षितता असं धरून, चीनच्या 2017 च्या कायद्याने जुन्या ग्रंथांतल्या, आजही सर्रास दिल्या जाणाऱ्या पाठांना (म्हणजे औषधांच्या ठरलेल्या कृतींना) क्लिनिकल ट्रायलमधून सूट दिली. पुढच्या वर्षी 100 पाठांची यादी निघाली. विषारीपणाची प्रयोगशाळेतली तपासणी हवी, माणसांवरची चाचणी नको. ट्रायलच नाही, तर कमिटीपुढे कागद कशाचे जाणार? विषारी घटक असलेले पाठ वगळले, गर्भवती आणि तान्ह्या मुलांसाठीचा वापरही वगळला, हे खरं. पण मात्रेचं काय? सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान काळातलं 'ल्यांग' हे वजन अभ्यासक 14-15 ग्रॅमच्या आसपास धरतात. नंतरच्या वैद्यांनी ते व्यवहारात 3 ग्रॅमवर आणलं. म्हणजे ग्रंथातले चार ल्यांग 12 ग्रॅमही होतात आणि 60 ग्रॅमही. शतकांच्या अनुभवाने सुरक्षित ठरली ती यातली कुठली मात्रा? सवलतीच्या समर्थकांकडून याचं सरळ उत्तर येत नाही. (आपण हसायचं कारण नाही. आपल्याकडेही ग्रंथोक्त आयुर्वेदिक औषधांना 2010 च्या नियमाने बरीच मोकळीक आहे.)

मार्च 2021 मध्ये करोनावरचे तीन पाठ ग्रंथोक्तांच्याच गटात मंजूर झाले. त्यांची जुळणी मात्र साथीतली होती. जुलै 2023 पासून तर 'मानवी वापराचा अनुभव' हाही नोंदणीच्या पुराव्यात धरला जातो, म्हणजे दवाखान्यातले केसपेपरही आले. त्याच वर्षीच्या नीतिनियमांनुसार, नावं काढलेली माहिती वापरणाऱ्या अभ्यासाला कमिटीची तपासणी माफ होऊ शकते, मात्र व्यापारी हितसंबंध नसतील तरच. औषध कंपनीच्या परवान्याच्या अर्जाला ही माफी कशी लागू करायची, यावर आता खल चालायला हवा.