वेट क्यू आणि कम्प्लिशन: घटनेची नोंद कोण ठेवते?

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, एखादे टास्क (चालणारे काम) काही घडेपर्यंत झोपवायचे आणि ते घडताच उठवायचे असेल, तर दोन साधने प्रामुख्याने हाताशी येतात: वेट क्यू आणि कम्प्लिशन. ड्रायव्हरचा (यंत्र हाताळणाऱ्या प्रोग्रामचा) कोड वाचताना दोन्हींची ठेवण इतकी सारखी दिसते की एकाच्या जागी दुसरे वापरले तरी काही बिघडणार नाही, असा समज सहज होतो. बहुतेक वेळा काही बिघडतही नाही, आणि त्यामुळेच चुकीची निवड चाचणीतून सुखरूप निसटते. खरा फरक समजून घ्यायचा तर दोन प्रश्न विचारावेत: घटना घडल्याची नोंद कोणाकडे राहते, आणि ती नोंद ज्या मेमरीत आहे ती किती काळ जिवंत असते?

वेट क्यू म्हणजे थांबलेल्या टास्कची यादी आणि त्या यादीचे रक्षण करणारा एक स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप), इतकेच. तिला स्मृती नाही. वेक_अप() हे फंक्शन बोलावले तेव्हा रांगेत कोणी नसेल, तर ती हाक हवेत विरून जाते आणि क्षणभराने रांगेत येणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही. म्हणून वेट क्यूच्या जोडीला एक अट नेहमी वेगळी ठेवावी लागते, जसे की बफरमध्ये डेटा आला आहे का, किंवा यंत्राने काम संपवल्याचा फ्लॅग (खूण म्हणून ठेवलेली किंमत) लागला आहे का. टास्कने आधी अट तपासली, ती खोटी निघाली म्हणून मग रांगेत नाव घातले, आणि नेमक्या या दोन पायऱ्यांच्या मध्ये इंटरप्ट (यंत्राने प्रोसेसरला दिलेली सूचना) येऊन घटनेची हाक मारून गेला, तर अट खरी असूनही टास्क झोपूनच राहते.

वेट_इव्हेंट() हा मॅक्रो ही फट क्रम उलटवून बुजवतो. टास्क आधी रांगेत जाते, स्वतःची स्थिती 'झोपलेले' अशी लिहिते, त्यानंतर अट तपासते आणि ती खोटी असेल तरच प्रोसेसर दुसऱ्या टास्कला देणारे शेड्यूल() बोलावते. तपासणी आणि शेड्यूल() यांच्यामध्ये हाक आली, तर ती टास्कची स्थिती पुन्हा 'चालू' करून ठेवते, त्यामुळे शेड्युलर त्याला झोपवत नाही. मात्र स्थितीचे लेखन आणि अटीचे वाचन यांची अदलाबदल प्रोसेसरने केली तर या क्रमाला काही अर्थ उरत नाही, म्हणून स्थिती लिहिणाऱ्या मॅक्रोमध्येच पूर्ण मेमरी बॅरियर (वाचन-लेखनाचा क्रम बदलू न देणारी सूचना) बसवलेला आहे. उठवणाऱ्याने आपल्या बाजूने आधी अट बदलावी आणि मगच हाक मारावी. लॉक घेण्याचा खर्च वाचवण्यासाठी जे आधी 'रांगेत कोणी आहे का' हे लॉकशिवाय पाहतात, त्यांना त्या पाहणीपूर्वी स्वतःचा बॅरियर घालावा लागतो. ही काटकसर मला फारशी फायद्याची वाटत नाही. जाता जाता हेही सांगायला हवे की वेक_अप() एकालाच उठवते, हा समज अर्धाच खरा आहे. साधेपणाने थांबलेल्या सर्वांना ती उठवते. एकाची मर्यादा फक्त अनन्य म्हणून, म्हणजे आपल्यापैकी एकालाच उठवावे अशा नोंदीने, थांबलेल्यांना लागू होते.

कम्प्लिशनमध्ये नोंद साधनाच्या आतच असते. त्यात रांगेसोबत एक मोजणी असते: कम्प्लीट() ती एकाने वाढवते आणि एकाला उठवते, तर वेट_फॉर_कम्प्लिशन() ती एकाने कमी करून परतते. त्यामुळे घटना आधी घडली आणि वाट पाहणारा मागाहून आला तरी चालते. तो न थांबता पुढे जातो. या स्मृतीचा उपद्रवही होऊ शकतो. कम्प्लीट() चुकून दोनदा झाले तर शिल्लक राहिलेली मोजणी पुढच्या फेरीतल्या वाट पाहणाऱ्याला काम संपण्याआधीच सोडून देते. सर्वांना सोडणारे कम्प्लीट_ऑल() मोजणी कमाल किमतीवर नेऊन तिथेच ठेवते, म्हणून तेच कम्प्लिशन पुन्हा वापरायचे तर जुने सर्व वाट पाहणारे बाहेर पडल्याची खात्री करून ते नव्याने सज्ज करावे लागते.

कम्प्लिशन कर्नलच्या २.४.७ या आवृत्तीत, २००१ मध्ये आले. त्याआधी या कामासाठी सेमाफोर (मोजणीवर चालणारे जुने कुलूप) वापरले जात. सेमाफोर स्टॅकवर, म्हणजे फंक्शन परतताच मोकळ्या होणाऱ्या मेमरीत, असेल आणि थांबलेले टास्क चटकन परतले, तर उठवणारा अजून त्या सेमाफोरला हात लावत असतानाच ती मेमरी नाहीशी होऊ शके. आज फ्लॅग आणि वेट क्यू स्टॅकवर ठेवणारा तीच चूक नव्याने करतो. उठवणाऱ्याच्या कोडमध्ये दोनच ओळी असतात: फ्लॅग एक करणे आणि वेक_अप() बोलावणे. पहिली ओळ झाल्याबरोबर दुसऱ्या कोअरवरचे टास्क अट खरी झालेली पाहते, फंक्शनमधून परतते, आणि त्याच्या स्टॅकच्या त्या भागात दुसरेच काही लिहिले जाते. आता उठवणारा दुसऱ्या ओळीवर येतो आणि जो स्पिनलॉक उरलेलाच नाही तो घ्यायला जातो. कम्प्लिशनमध्ये मोजणी वाढवणे आणि उठवणे या दोन्ही गोष्टी एकाच लॉकखाली होतात, आणि वाट पाहणाराही मोजणी त्याच लॉकखाली तपासतो. त्यामुळे कम्प्लीट()ने लॉक सोडल्याशिवाय त्याला बाहेर पडता येत नाही, आणि लॉक सोडल्यावर कम्प्लीट() त्या मेमरीकडे वळत नाही.

तरीही ही हमी वाट पाहणे पूर्ण झाले तरच लागू होते. ठरावीक मुदतीपर्यंतच वाट पाहणाऱ्या फंक्शनकडून शून्य परत आले तर मुदत संपली, अन्यथा उरलेला वेळ मिळतो. पण ज्याची वाट सिग्नलने (टास्कला पाठवलेल्या सूचनेने) मधेच मोडू शकते अशा मुदतीच्या प्रकारात ऋण किंमतही येते, आणि 'शून्य नाही म्हणजे यश' असे धरणारा कोड तिथे फसतो. मुदत संपून टास्क निघून गेले की स्टॅकवरचे कम्प्लिशन संपते, पण यंत्राला ते ठाऊक नसते. उशिरा आलेला इंटरप्ट हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारे फंक्शन) मेलेल्या मेमरीवर कम्प्लीट() बोलावतो. म्हणून परतण्यापूर्वी यंत्राचे काम रद्द करून हँडलर संपल्याची खात्री करावी, किंवा कम्प्लिशन स्टॅकऐवजी संदर्भगणना असलेल्या वस्तूत, म्हणजे शेवटचा वापरणारा सोडेपर्यंत टिकणाऱ्या मेमरीत, ठेवावे.

निवड करताना अट पुन्हापुन्हा खरी-खोटी होणार असेल, जशी पाइप किंवा सॉकेटमध्ये डेटाची वाट पाहताना होते, तर वेट क्यू घ्यावी. पोल()ला (अनेक फाइलींवर एकदम वाट पाहणाऱ्या सिस्टीम कॉलला) जोडायचे असेल तर दुसरा पर्यायच नाही, कारण तिथे वेट क्यूच द्यावी लागते आणि ५.७ आवृत्तीपासून कम्प्लिशनच्या आतली रांग वेगळ्या, साध्या जातीची आहे. थ्रेड संपणे किंवा डीएमए हस्तांतरण (यंत्राने प्रोसेसरविना थेट मेमरीत केलेली डेटाची ने-आण) पुरे होणे अशा एकदाच घडणाऱ्या गोष्टींसाठी कम्प्लिशन योग्य ठरते.

नवे मूल-टास्क तयार करून पालकाला थांबवून ठेवणाऱ्या व्हीफोर्क() या सिस्टीम कॉलची अंमलबजावणी या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. पालक आपल्या स्टॅकवर कम्प्लिशन ठेवतो, त्याचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) मुलाच्या टास्कमध्ये लिहितो आणि मूल नवा प्रोग्राम सुरू करेपर्यंत किंवा संपेपर्यंत थांबतो. मधेच मारक सिग्नल आल्याने पालकाला निघावे लागले, तर तो मुलाच्या टास्कचा लॉक घेऊन तो पॉइंटर पुसून टाकतो. मूलही तोच लॉक घेऊन पॉइंटर पाहते आणि तो रिकामा नसेल तरच, लॉक हातात असतानाच, कम्प्लीट() बोलावते.